शाळेचं दार आणि वर्गातली जागा

जिल्हा परिषदेच्या शाळांत आज ‘समावेशित शिक्षण’ (सगळ्या मुलांनी एकाच वर्गात एकत्र शिकणं) हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात आणि परिपत्रकात असतो. शब्द अलीकडचा, पण त्यामागचा प्रश्न १८५६ इतका जुना आहे.

त्या वर्षी जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. अर्ज नाकारला गेल्यावर त्याने थेट सरकारकडे दाद मागितली. २१ जुलैच्या ठरावात सरकारने कबूल केलं की न्याय या मुलाच्याच बाजूचा आहे. पण एका मुलासाठी त्याला बाकीच्यांत बसवलं, तर शाळा इतरांच्या उपयोगाची राहणार नाही, असं म्हणून दार बंदच ठेवलं. चूक कळत असताना केलेला हा नकार मला फार बोचतो. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये सरकारने जाहीर केलं की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. लोकवर्गणीचा वाटा असलेल्या शाळांत मात्र ‘खालच्या’ जातींची मुलं घालायचा विचार नाही, हेही त्याच ठरावात होतं. भेदभाव केला तर मदत थांबवण्याचा हक्क सरकारने राखला, एवढंच.

पुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगाला निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती जवळजवळ सगळ्याच शाळांबाहेर आहेत. पुण्यासारख्या शहरात त्यांच्यासाठी एकच सरकारी शाळा आणि तिथे तिसापेक्षाही कमी मुलं. म्हणून, जिथे एकत्र शिकू देत नाहीत तिथे वेगळी शाळा काढा, असं त्यांनी सुचवलं. आज ही मागणी वाचताना चमकायला होतं, पण समोर निरक्षर राहणारी पिढी दिसत असताना त्यांनी निवडलेली ती वाट होती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नाव पटावर आलं, तरी बसायला कोपरा मिळाला. खाली अंथरायला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे, म्हणून भीमरावांना तो रोज घरी न्यावा आणि सकाळी परत आणावा लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई जागेवर नसला की मूल तहानलेलंच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याहून मोठं पाऊल मला १९१९चं वाटतं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांनी ती मुलं सरसकट सर्वांच्या शाळेत बसवली. फुल्यांना नाइलाजाने मागावी लागलेली वेगळी शाळा इथे राजाच्या हुकुमाने संपली. ब्रिटिश मुलखात, सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिमंडळात मंजूर झाला, आणि सार्वजनिक पाणवठ्यांच्या यादीशेजारी सार्वजनिक शाळाही आल्या. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या.

दरम्यान आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी प्रश्न उलटा करून पाहिला. गुरं राखणारं आदिवासी मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच कुरणात न्यायची. त्या कुरणशाळेने जे दाखवलं, ते सरकारी यंत्रणेला उशिरा उमगलं.

१९९२ मध्ये मागास घटकांतल्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. महागाई कुठल्या कुठे गेली, तरी कित्येक वर्षं तो रुपया रुपयाच राहिला. शालेय पोषण आहाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं, कारण एका पंगतीत बसण्याचा प्रश्न आता खिचडीच्या पातेल्यापाशी येऊन थांबला होता. २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंग मुलांनाही इतरांबरोबर त्याच वर्गात शिकण्याचा अधिकार दिला.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांत वर्ग अर्धे होतात. आईबापांबरोबर मुलंही फडावर जातात आणि हजेरीपटावर नावं तेवढी राहतात. त्यांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. ते कार्ड घेऊन मूल कारखान्याजवळच्या शाळेत पोहोचलं, तर तिथल्या गुरुजींना त्याच्यासाठी वर्गात जागा करावी लागते, मधल्या वर्षात, दोन-चार महिन्यांपुरती.