पायऱ्या मोजणारे नाणेसंग्राहक

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीने १९५३ साली पाच सेंटची, म्हणजे ‘निकेल’ची, सुमारे १ कोटी ९२ लाख नाणी पाडली. साधं १९५३चं नाणं त्यामुळे आजही सहज मिळतं. पण त्यातलंच पायऱ्या स्पष्ट उमटलेलं एखादं निघालं, की संग्राहकांच्या उड्या पडतात.

या पायऱ्या मोंटिसेलोच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराच्या. फेलिक्स श्लाग यांनी १९३८ साली केलेल्या या नाण्यावर पुढे जेफरसन आणि मागे हे घर आहे. नाण्याचा व्यास जेमतेम २१ मिलिमीटर, त्यामुळे पायऱ्या मोजायला भिंग लागतं. त्यातल्या किमान पाच अखंड दिसल्या तरच ‘फुल स्टेप्स’चा मान मिळतो.

बहुतेक नाण्यांवर या पायऱ्या पूर्ण उमटतच नाहीत. खोट धातूत आहे. निकेल म्हणतात खरं, पण या नाण्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्केच निकेल असतं (आपला जुना ताम्र-निकेलचा रुपयाही याच प्रमाणातला). दोन्ही धातूंचे अणू जवळपास सारखे, म्हणून ते एकमेकांत पूर्ण मिसळतात. पण अगदी सारखे नाहीत, म्हणून अणूंची रचना किंचित वेडीवाकडी होते आणि तिचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. मिश्रधातू कडक होतो तो यामुळे. कोऱ्या चकत्या आधी भट्टीत तापवून मऊ करतात, तरी मूळचा ताठा पुरता जात नाही.

चकतीवर दोन्ही बाजूंनी ठशांचा, म्हणजे चित्र कोरलेल्या साच्यांचा, ठोका बसतो तेव्हा धातूला एकाच क्षणी दोन्ही ठशांच्या खोलगट भागांत शिरायचं असतं. पायऱ्यांच्या बरोबर पाठीमागे जेफरसन यांचं डोकं येतं. धातू तिकडे ओढला जातो आणि पायऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात कडक धातूने ठसे लवकर झिजतात. ते वाचवायला दोन ठशांमधलं अंतर जरा जास्त ठेवायचं, झिजलेला ठसाही ताणून वापरायचा, ही टांकसाळीची काटकसर. रोजच्या व्यवहारातल्या पाच सेंटसाठी ती चुकीची म्हणता येणार नाही.

हे दुखणं जुनंच. १८६६च्या ढालीच्या निकेलवर ताऱ्यांमधून किरण होते. ठसे फुटू लागले आणि पुढच्याच वर्षी किरण काढून टाकावे लागले. नंतरच्या ‘बफेलो’ (बायसनचं चित्र असलेल्या) मालिकेतही डेन्व्हर टांकसाळीची १९२६ची नाणी पुसट छापासाठी बदनाम आहेत.

पायऱ्या हाताळून झिजल्या की मुळात उमटल्याच नाहीत, हे भिंगाखाली कळतं. झीज गुळगुळीत आणि निस्तेज असते. उमटल्याच नसतील, तर तिथे कोऱ्या चकतीवरचे बारीक ओरखडे तसेच दिसतात, कारण ते दाबून सपाट करायला ठसा तिथवर पोचलेलाच नसतो.

छाप उत्तम बसला तरी सगळं सुटलं नाही. पोत्यात दुसऱ्या नाण्याची कड लागून पायऱ्यांवर आडवी चीर पडली की मान गेला. १९५३चं कौतुक सगळेच करतात. मला डेन्व्हरचं १९६१ अधिक विलक्षण वाटतं. २२ कोटींहून जास्त नाणी पाडली, आणि पूर्ण पायऱ्यांचं मात्र शोधूनही सापडत नाही.