गृहाधारित आरोग्यसेवा (मराठवाडा)

रुग्णाला दवाखान्यात दाखल न करता राहत्या घरी मिळणारी तपासणी, शुश्रूषा व सल्ला आणि त्यासाठी शासनाकडून येणारे मनुष्यबळ, साहित्य वा पैसा यांचा या नोंदीत विचार केला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व धाराशिव या आठ जिल्ह्यांत ही सेवा केंद्र व राज्य शासनाच्या निरनिराळ्या योजनांतून तुकड्यातुकड्याने येते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी सुईणी, वैद्य व हकीम घरोघरी जाऊन जी शुश्रूषा करीत, ती येथे विचारात घेतलेली नाही.

उगमाबद्दल मतभेद आहेत. घरी राहून घेतलेले उपचार दवाखान्यातील उपचारांच्या तोडीचे ठरू शकतात, याचा भारतातील पहिला भक्कम पुरावा बहुधा मद्रासच्या क्षयरोगविषयक अभ्यासाने (1959) दिला. खेड्यातील घरभेटींची परंपरा मात्र काही अभ्यासक 2 ऑक्टोबर 1977 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामीण आरोग्य कार्यकर्ता योजनेपर्यंत नेतात, तर काही त्याआधीच्या जामखेड प्रकल्पापर्यंत. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये बीड जिल्ह्याच्या सीमेलगत जामखेड येथे हा प्रकल्प उभारला आणि फारशा न शिकलेल्या, बहुतेक गरीब घरांतल्या स्त्रियांना आपापल्या गावाच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तिसरे मत गडचिरोलीचे नाव घेते. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील 39 गावांत नवजात बालकांची घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि 47 गावांशी तिची तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. गावातलीच बाई आरोग्यसेविका होऊ शकते ही कल्पना जामखेडची आणि भेटींचे ठरलेले वेळापत्रक गडचिरोलीचे, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून वाटते. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ नावाने तयार केलेल्या गावपातळीवरील सेविका याच विचाराच्या म्हणता येतील.

शासनाने ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. गडचिरोलीतील सेविका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. 2011 मध्ये देशभर लागू झालेल्या गृहाधारित नवजात काळजी कार्यक्रमात आशांच्या (शासनाने नेमलेल्या गावपातळीवरील आरोग्यसेविकांच्या) हाती सुई दिली गेली नाही. 2014 मध्ये ठरावीक परिस्थितीत इंजेक्शन देण्याची मुभा मिळाली, तीही एएनएमला (उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिकेला). पद्धतीचा कणाच यात निघून गेला, ही टीका रास्त वाटते, जरी संस्थात्मक प्रसूती वाढल्यानंतर तिची धार कमी झाली असली तरी.

दवाखान्यातील बाळंतपणानंतर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेट वाढते. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ आणि झोळीचा वजनकाटा असतो. ती हात साबणाने धुऊन बाळाच्या काखेत थर्मामीटर धरते, पूर्ण मिनिटभर श्वास मोजते (साठ किंवा अधिक भरले तर बाळाला दवाखान्यात पाठवायचे) आणि मग झोळीत वजन घेते. या सर्व भेटींचे मिळून 250 रुपये ठरले. ते मिळण्यासाठी वजनाची व जन्माची नोंद आणि पहिल्या लसी याबरोबरच बेचाळिसाव्या दिवशी माता व बाळ सुखरूप असणे अशी अट होती. म्हणजे ज्या घरी सर्वाधिक धावपळ झाली, तिथलाच मोबदला बुडण्याची सोय नियमात होती. 2018 पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक अशा पाच भेटींची भर पडली.

मराठवाड्यात हे वेळापत्रक दोन ठिकाणी अडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने पहिल्या भेटी एका गावच्या आशाकडे, तर पुढच्या दुसरीकडे जातात. दुसरी अडचण ऊसतोडीची: बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कारखान्याच्या फडावर, पालात असलेली बाळंतीण गावच्या आशाच्या यादीत असते, घरी नसते.

आशांना शासन कर्मचारी मानत नाही. त्या मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका ठरतात. 2021 व 2023 मधील राज्यव्यापी संपांमागे मुख्यतः हाच प्रश्न होता. मार्च 2024 मध्ये राज्याने त्यांच्या मासिक मोबदल्यात 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली.

वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची तरतूद तुटपुंजी आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अशा रुग्णांच्या घरभेटी अभिप्रेत आहेत आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (या नावाने चालणाऱ्या शासकीय आरोग्य केंद्रांच्या) सेवांत वृद्धसेवा व परिहारक सेवा (बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा) धरल्या आहेत. रोख मदत वेगळ्या वाटेने, तहसील कार्यालयातून येते: संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पक्षाघात, कर्करोग, क्षय यांसारख्या आजारांचे निराधार रुग्ण बसतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून (2024) 65 वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आठही जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबे शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या निकषावर आधीपासून समाविष्ट होती. मात्र हे संरक्षण दाखल रुग्णाच्या उपचारांना आहे, घरी महिनोन्महिने चालणाऱ्या शुश्रूषेला नाही. नळी बदलणे, जखमेची मलमपट्टी, कूस पालटणे ही कामे घरची सून किंवा लेकच करते आणि त्यासाठी कोणत्याही योजनेत मोबदल्याचे शीर्ष नाही.