डॉन म्हणजे सूर्योदय नव्हे

इंग्रजी 'डॉन'पुढे (dawn) 'सूर्योदय' छापणारी गाइडं अजून खपतात, आणि तेवढंच पाठ करून भरतीच्या परीक्षेला बसणारी पोरं जळगाव-धुळ्यात पैशाला पासरी. सूर्योदय सगळ्यांना ठाऊक आहे. सूर्याची वरची कड क्षितिजावर डोकावते तो क्षण, पंचांगात मिनिटासकट दिलेला. जळगावला आधी, नंदुरबारला पाचेक मिनिटं मागून.

डॉनला असा एक क्षण नसतो. सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर आला की पूर्वेचा अंधार पातळ व्हायला लागतो. आपल्याकडे हे सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी घडतं. 6 अंशांवर आला की फटफटतं, केळीच्या बागेत बॅटरीशिवाय घड कापता येतात. तेव्हाही सूर्य उगवायला बावीस-चोवीस मिनिटं असतात. झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, उजाडणं, हे सगळं डॉनमध्ये येतं. सूर्य दिसला की डॉन संपला.

हा घोटाळा सगळ्यात जास्त नडतो तो रमजानच्या बातम्यांत. 'सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उपवास' हे वाक्य दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतंच. भुसावळात कुठल्याही रोजेदाराला विचारा: फजरची, म्हणजे दिवसातल्या पहिल्या नमाजाची, वेळ लागली की सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, बंद, आणि फजरची नमाज सूर्य उगवायच्या आत पढायची असते. म्हणजे रोजा सुरू होणं आणि सूर्योदय यांच्यामध्ये एक अख्खी नमाज बसते. इंग्रजी मजकुरात 'डॉन टू सनसेट' बरोबर लिहिलेलं असतं. मराठीत आणणारा त्याचा सूर्योदय करतो आणि तासाभराहून जास्त वेळ गिळतो. 'पहाट फुटल्यापासून' लिहायला काय जातं? नुसतं 'पहाटे' मात्र मला चालत नाही. आपण तीन वाजताच्या मिट्ट काळोखालाही पहाटच म्हणतो.

'डॉन टू डस्क'चं दुसरं टोकही सूर्यास्त नाही. डस्क म्हणजे सूर्य बुडाल्यानंतरची तिन्हीसांज.

उरलं 'इट डॉन्ड ऑन मी', म्हणजे एकदाचं लक्षात आलं. इथे उगवते ती गोष्ट, आपण नाही. त्यामुळे 'आय डॉन्ड' असं काही इंग्रजीत नसतं.