मेंदूतील गाठीवरील दुर्बीण-शस्त्रक्रिया

कवटीचे मोठे झाकण न उघडता, नाकपुडीतून किंवा कवटीला पाडलेल्या छोट्या छिद्रातून दुर्बीण आत नेऊन गाठ काढण्याची पद्धत. बोलण्यात हे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’. वाट लहान म्हणून ऑपरेशनही लहान, असे मात्र नाही. पूर्ण भूल द्यावी लागते, काही तास जातात, आणि धोका ठरतो तो छेदाच्या लांबीवरून नव्हे, तर गाठीला कोणत्या शिरा-नसा चिकटल्या आहेत त्यावरून.

या पद्धतीचा सर्वांत रुळलेला उपयोग पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथीच्या गाठीसाठी होतो. वाटाण्याएवढी ही ग्रंथी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या जतूकास्थी नावाच्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. गाठ वाढून ती फुली दाबू लागली की समोरचे दिसते, पण दोन्ही कडांचे दिसेनासे होते. एखाद्या मोटारसायकल पायलटाला (गोव्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला) बाजूने आलेली बस दिसत नाही आणि तो आधी चष्म्याचा नंबर तपासायला जातो. काही गाठी वाढीचे संप्रेरक जास्त सोडतात. मग अंगठी बोटात रुतते, चपलेचा नंबर वाढतो. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक सोडणाऱ्या गाठी मात्र बहुधा गोळ्यांनीच आटतात, त्यांना सुरी लावण्याची घाई करत नाहीत.

नाकामागून पीयूषिकेपर्यंत पोचण्याचा मार्ग जुना आहे. 1907 मध्ये सर्जन हरमान श्लोफर यांनी ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला नाक बाजूला वळवून तो काढला. अमेरिकेतील मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी तो बरीच वर्षे वापरला आणि पुढे सोडून दिला. अडचण होती ती खोल, अरुंद जागेतल्या अंधाराची. 1960 च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी तेथे सूक्ष्मदर्शक आणला. 1990 च्या दशकात पिट्सबर्गसारख्या ठिकाणी दुर्बीणच मुख्य साधन झाली. सूक्ष्मदर्शक नाकाबाहेरून सरळ रेषेत पाहतो, तर सुमारे 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत शिरते आणि तिरप्या भिंगाने कोपऱ्याआडचेही दाखवते.

सहसा नाक-कान-घसा तज्ज्ञ वाट करून देतो आणि मेंदूचा सर्जन गाठ खरवडून काढतो. शेवटचे काम, कवटीच्या तळाला पाडलेले भोक बुजवणे, दिसायला किरकोळ, पण सगळ्यात नाजूक. त्यासाठी अनेकदा मांडीची किंवा पोटाची चरबी लागते. मोठे भोक असेल तर नाकाच्या पडद्याचे, रक्तपुरवठा शाबूत असलेले अस्तर फिरवून लावतात; 2006 मध्ये वर्णिलेल्या या युक्तीने मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याचे प्रमाण बरेच कमी झाले.

मेंदूच्या पोकळ्यांतील काही गाठींनाही दुर्बीण चालते. पाणी तुंबले असेल तर त्याच बैठकीत वाट करून देता येते. मेंदूच्या गरातच उगवून पसरणाऱ्या ग्लायोमा नावाच्या गाठींसाठी मात्र बहुधा कवटी उघडावीच लागते.

गोव्यात मेंदूच्या शस्त्रक्रियेचे मुख्य सरकारी ठिकाण म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, वर्तमानपत्रांतले ‘गोमेकॉ’. त्याचे मूळ 1842 च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, सावंतवाडीकडचे रुग्णही येथे येतात; पण उपचारांचा खर्च उचलणारी 2016 ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठीच आहे.

घरी परतल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, वजन उचलायचे नाही. लघवी एकाएकी फार वाढली तर कळवायचे. खाली वाकताच नाकातून पाण्यासारखे थेंब पडले, तर पावसाळ्यातली सर्दी समजून काढा पीत बसू नये. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते.