'पायथन' टाइप केल्यावर संगणक नेमकं कुठे शोधतो?

पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) इन्स्टॉल झालं, टर्मिनल म्हणजे कमांड लिहायची खिडकी उघडून 'पायथन' टाइप केलं आणि उत्तर आलं की अशी कमांडच नाही. नवशिके इथे हमखास अडतात आणि पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. खरं तर पायथन डिस्कवर असतं. टर्मिनलला त्याचा पत्ता माहीत नसतो.

कमांड दिली की संगणक अख्खी डिस्क धुंडाळत नाही. 'पाथ' नावाच्या यादीत काही फोल्डरांचे पत्ते असतात. ती यादी सुरुवातीपासून वाचली जाते आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की शोध थांबतो. म्हणजे दोन पायथन असतील तर नवं कोणतं हे गौण. यादीत आधी कोणाचा पत्ता आहे, तोच चालतो.

विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच स्क्रीनवर तळाशी पायथन 'पाथ'मध्ये घालण्याची चौकट असते. तिच्यावर आधीपासून टिक नसते. राहून गेली असेल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा. त्यानंतर टर्मिनल बंद करून नवं उघडा, कारण चालू प्रोग्रामकडे तो सुरू झाला तेव्हाचीच यादी असते. कोड लिहायच्या एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा एडिटरच बंद करा.

आता खात्री करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पायथन' दिलं की सापडलेले सगळे पत्ते क्रमाने दिसतात. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'व्हेअर'चा अर्थ निराळा आहे, म्हणून तिथे 'व्हेअर.ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं. सर्वांत वर 'विंडोजॲप्स' फोल्डर दिसला आणि कमांड दिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमधलं पायथनचं 'ॲप एक्झिक्यूशन एलियस' (कमांडला ॲपशी जोडणारं टोपणनाव) बंद करा.

यापुढे प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःचं पायथन आणि पॅकेजं असलेला वेगळा फोल्डर, द्यावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. त्यासाठी लागणारं 'व्हीएन्व्ह' 2012 च्या 3.3 आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं. त्यात जादू काही नाही: 'ॲक्टिव्हेट' केलं की त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनच्या फोल्डरचा पत्ता 'पाथ'च्या अगदी पुढे जाऊन बसतो. पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) घालताना नुसतं 'पिप' हे पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं नाव न लिहिता 'पायथन -एम पिप' लिहा. म्हणजे जे पायथन चालतंय, त्यातच पॅकेज जाईल. आणि एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर दुसरीकडे हलवू नका. आतल्या फाइलींत जुना पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. जागा बदलायची असेल तर तो पुसून नव्याने बनवावा.