इंजिनाचं कौतुक खूप झालं, रबराचं कोणी बोलतच नाही

मागच्या महिन्यात काकांच्या जुन्या बुलेटला टायर घ्यायला नाना पेठेत गेलो होतो. जुन्या टायरची नक्षी जवळपास पूर्ण शाबूत होती, पण पहिल्या पावसात पिरंगुटच्या घाटात गाडी मागून अशी सटकली की काका थोडक्यात वाचले. दुकानातल्या मेकॅनिकने त्या टायरवर अंगठ्याचं नख जोरात दाबलं, खूण सुद्धा उमटली नाही. म्हणाला, "दादा, नक्षी बघू नका, नख दाबून बघा. याचं लाकूड झालंय."

तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. काकांच्या बुलेटचा टायर सव्वातीन इंची, रिम १९ ची. आणि १९५० च्या दशकातली मँक्स नॉर्टन, म्हणजे त्या काळातली नावाजलेली ५०० सीसी रेसिंग बाईक, तिचा मागचा टायर साडेतीन इंची आणि रिम तीच १९ ची! पाव इंचाचा फरक फक्त. एवढ्याशा टायरवर ती माणसं ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने, दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि घरं असलेल्या रस्त्यावरून रेस करायची. आजच्या मोटोजीपी (मोटरसायकल रेसिंगमधली सगळ्यात वरची स्पर्धा) बाईकचा मागचा टायर २०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठ इंच. रेसिंगचा इतिहास सगळे इंजिनाचा म्हणून सांगतात, पण माझं मत विचाराल तर तो खरा रबराचा इतिहास आहे.

इंजिनाचा हिशोब आधी उरकून घेऊ. मँक्स नॉर्टनची ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि टॉप स्पीड साधारण ताशी २२५ किलोमीटर. आजच्या मोटोजीपी बाईकची ताकद तीनशेच्या घरात, म्हणजे सहापट, पण २०२३ मध्ये इटलीतल्या मुगेलो ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने केटीएमवर जो विक्रम केला तो ताशी ३६६.१ किलोमीटरचा. (याच केटीएमच्या छोट्या बाईक आपल्या चाकणला बनतात, हे लिहिताना छाती फुगतेच.) ताकद सहापट आणि वेग दीडपटीच्या थोडा वर, असं का? कारण हवा. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते. हे इटलीच्या मोटो गुझ्झीवाल्यांना फार लवकर कळलं, त्यांनी १९५० मध्येच मांडेल्लोच्या कारखान्यात स्वतःचा विंड टनेल, म्हणजे बाईकवर जोराचा वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा, बांधला आणि १९५५ मध्ये आठ सिलिंडरची ५०० सीसी बाईक आणली, पुढचं चाक सुद्धा झाकणारं गोल कवच घालून, आणि ७५-८० हॉर्सपॉवरवर ती २७५ च्या आसपास जायची. पण आडवा वारा लागला की ते कवच शिडासारखं वागायचं, म्हणून १९५८ पासून तशा कवचांवर बंदी आली.

म्हणजे सरळ रस्त्यावरचा वेग सत्तर वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी हाताशी आला होता. खरा फरक पडला वळणावर.

शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्याला ते लागू पडतं, रबराला नाही. रबर मऊ असतं, डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर ते बसतं, त्यांच्या भोवती दबून जातं. आता टायर थोडा घसरायला लागला की रबर एका टोकावरून पुढे सरकतं, टोकाच्या पुढच्या बाजूला ते दाबलं जातं आणि मागच्या बाजूला त्याने परत फुगायला पाहिजे, पण चांगलं रेसिंग रबर आळशी असतं, पटकन परत येत नाही. त्यामुळे पुढून दाब जास्त, मागून कमी, आणि हा जो फरक राहतो तोच टायरला धरून ठेवतो. स्क्वॉशचा थंड चेंडू जमिनीवर टाकून बघा, धप्पकन पडतो, उसळतच नाही, कारण त्याने ऊर्जा आत जिरवली. तसं रबर. साठच्या दशकात असं ऊर्जा जिरवणारं रबर रेसिंगमध्ये आलं, सत्तरच्या दशकात बिननक्षीचे स्लिक टायर आले, आणि आता तर टायरला ब्लँकेट गुंडाळून ८०-९० अंशांपर्यंत तापवून मगच ट्रॅकवर काढतात.

मग हे आधी का नाही केलं? कारण मऊ रबर झिजतं. १९५७ च्या आइल ऑफ मॅन सीनियर टीटीमध्ये (ब्रिटनजवळच्या बेटावरच्या साध्या रस्त्यांवरची रेस) बॉब मॅकिन्टायरने इटलीच्या जिलेरा बाईकवर पहिल्यांदा ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारला, तर ती रेस आठ लॅपची होती, एक लॅप ६०.७ किलोमीटरचा, म्हणजे एकूण ४८५ च्या पुढे. तिथे टिकाऊ रबरच पाहिजे. आजची मोटोजीपी रेस १००-१२५ किलोमीटरमध्ये संपते, टायर तेवढाच जगला तरी चालतो.

आता झुकण्याचं बघा. बाईक ४५ अंश झुकली म्हणजे आडवा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला, ६० अंशांना तो १.७३ पट होतो. जे वळण जुना रायडर १०० ने घ्यायचा ते आज साध्या हिशोबाने १३० ने घेता येतं, आणि आजचे लोक ६० अंशांच्या पुढे झुकतात. पण रुंद टायरची एक गोम आहे, बाईक झुकली की टायर रस्त्याला टेकतो ती जागा आतल्या बाजूला सरकते, त्यामुळे त्याच वेगाला जास्त झुकावं लागतं. म्हणून रायडर सीटवरून खाली उतरून आत लटकतो, सगळा भार आत नेतो. पन्नासच्या दशकातला रायडर जेफ ड्यूक, त्याचे जुने फोटो बघा, माणूस आणि बाईक एका रेषेत. मग सत्तरच्या दशकात फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि नंतर अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यांनी लटकायला आणि गुडघा टेकवायला सुरुवात केली. सारिनेन १९७३ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या रेसमध्ये अपघातात वारला, रेन्झो पासोलिनी हा रायडर सुद्धा त्याच अपघातात, फार वाईट दिवस होता तो.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र टू-स्ट्रोकची. आरएक्स १०० ज्यांनी चालवली त्यांना माहितीये, एका ठरावीक आरपीएमच्या वर गाडी एकदम उडी मारते. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं पेट्रोल-हवा मिश्रण जळायच्या आधीच सायलेन्सरकडे पळतं, तर पाइपला मध्ये फुगीर आणि पुढे निमुळता आकार दिला की दाबाची लाट आपटून परत येते आणि पळालेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पण वेळ जुळली तरच, म्हणून ताकद छोट्याशा पट्ट्यातच मिळते. पूर्व जर्मनीच्या एमझेडमध्ये वॉल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात हे तंत्र घोटून घोटून बसवलं, १९६१ मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ते ज्ञान सुझुकीकडे गेलं.

हीच एकदम येणारी ताकद पुढे ५०० सीसी बाईकवर जीवघेणी ठरली. वळणातून बाहेर पडताना मागचं चाक सटकायचं, मग अचानक पकड परत मिळायची आणि बाईक रायडरला उडवून द्यायची. होंडाने १९९२ मध्ये काय केलं, चारही सिलिंडर थोड्याशा अंतरात एकापाठोपाठ पेटवले आणि क्रँकचा (इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) उरलेला फेरा टायरला मोकळा सोडला. एक धक्का, मग विश्रांती, त्या विश्रांतीत रबर परत रस्ता पकडतं. ताकद न वाढवता बाईक वेगवान झाली! आज हेच काम सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतात, पण कल्पना तीच, टायरला श्वास घेऊ द्या.

आणि हे डुकाटीने २०१५ च्या सुमारास आणलेले पंख, ते सुद्धा टायरसाठीच. गुझ्झीवाले हवेचा अडथळा कमी करायला झटले, आजचे इंजिनिअर मुद्दाम थोडा अडथळा पत्करतात, कारण पंखांमुळे पुढचं चाक खाली दाबलं जातं.

नाना पेठेत परत येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. काकांच्या टायरवर १४०९ होतं, म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. इतक्या वर्षांत ऊन आणि हवा लागून रबर कडक होतं, आळशीपणाच संपतो त्याचा, मग नक्षी असून उपयोग काय. नवीन टायरवर काकांनी स्वतः नख दाबून बघितलं, खूण उमटली, मगच पैसे काढले. वरचा चकचकीत थर उतरेपर्यंत पहिले शंभर किलोमीटर जपून चालवा असं मेकॅनिकने बजावलं होतं, म्हणून रविवारी आम्ही पानशेतपर्यंत जाऊन आलो, काका पुढे, मी मागे, आणि काटा काही पन्नासच्या वर जाऊ दिला नाही.