सरदार चौक ते सिंहस्थ २०२७ : नाशिकच्या आपत्कालीन वैद्यकीय व्यवस्थेची पार्श्वभूमी

येत्या सिंहस्थातले पहिले अमृत स्नान (पूर्वीचे शाहीस्नान) २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. तयारीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो तो खाटा किती आणि रुग्णवाहिका किती. हे आकडे हवेतच. पण एकाच वेळी पन्नास-शंभर जखमी झाले, तर कोणाला आधी उचलायचे, कुठे न्यायचे आणि हे ठरवणार कोण, याचे उत्तर त्याहून आधी लागते. नाशिक जिल्ह्याला हे उत्तर एकेका दुर्घटनेतून, तुकड्यातुकड्याने मिळत गेले आहे.

२७ ऑगस्ट २००३. दुसऱ्या शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौक परिसरातल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. अशा गर्दीत माणूस तुडवला जाऊनच मरतो असे नाही. चहूबाजूंनी दाब आला की छाती फुलत नाही आणि उभ्या-उभ्याच श्वास कोंडतो. श्वास बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात बाहेरच्या चौकातली रुग्णवाहिका गल्लीत शिरू शकत नाही. म्हणून दाटीच्या भागात गाडीपेक्षा पायी पथक मोलाचे ठरते : घडीचे स्ट्रेचर, श्वासमार्ग मोकळा करता येणारी माणसे आणि गर्दीच्या उलट दिशेने बाहेर पडायची राखून ठेवलेली वाट. बॅरिकेडिंग करताना ही वाट सुटली, तर गर्दी आवरायला लावलेले कठडेच जखमींना अडवतात.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. २००७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सामूहिक जखमींच्या वैद्यकीय व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तर २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची. या प्रणालीत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि जागेवर एकच प्रमुख असतो. हा साचा मूळचा कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतरचा. तिथे अनेक यंत्रणा एकाच आगीवर आपापले हुकूम सोडत होत्या.

जखमींच्या वर्गवारीची, म्हणजे ट्रायजची, ‘स्टार्ट’ ही पद्धतही कॅलिफोर्नियातलीच, १९८३ ची. एका रुग्णाला तीस ते साठ सेकंद, त्याहून जास्त नाही. आधी मोठ्याने सांगायचे, ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी इकडे या.’ येतील ते हिरवे, म्हणजे किरकोळ जखमी. उरलेल्यांत श्वास पाहायचा. नसेल तर हनुवटी वर करून श्वासमार्ग उघडायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा टॅग, म्हणजे मृत धरायचे; आला तर लाल, म्हणजे सर्वांत आधी हलवायचे. मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणे किंवा ‘माझा हात दाबा’ एवढेही न समजणे, यांतले एक जरी दिसले तरी लाल. बाकीचे पिवळे, म्हणजे थोडे थांबू शकणारे. या फेरीत उपचार दोनच : श्वासमार्ग उघडणे आणि वाहते रक्त थांबवणे. सलाइन लावत बसलेला डॉक्टर पुढच्या दहा जणांपर्यंत पोहोचत नाही. काळा टॅग लावून पुढे सरकणे मन मानत नाही, म्हणूनच याचा सराव आधी करावा लागतो.

२६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ सेवा सुरू झाली : ९३७ रुग्णवाहिका, गाडीत डॉक्टर. यातही एक चूक सहज होते. पहिल्या गाडीचा डॉक्टर समोर दिसलेला पहिला रुग्ण घेऊन निघून जातो आणि घटनास्थळी निर्णय घेणारे कोणी उरत नाही. पहिल्या गाडीने रुग्ण हलवायचा नसतो. डॉक्टरने उतरून अंदाजे संख्या, धोका आणि गाडी आत आणायचा रस्ता नियंत्रण कक्षाला कळवायचा आणि तिथेच थांबायचे.

२८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा विहिरीत कोसळून २६ जण गेले. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटून १२ जणांचा मृत्यू झाला. विहिरीतून माणसे वर काढणे आणि भाजलेल्यांना सांभाळणे ही दोन अगदी वेगळी कामे. रुग्णालयाच्या दारातली अडचण मात्र कुठल्याही मोठ्या अपघातात एकच असते. किरकोळ जखमी रिक्षाने, दुचाकीवरून आधी पोहोचतात, सगळे ‘सिव्हिल’लाच, म्हणजे जिल्हा रुग्णालयातच येतात, आणि लाल टॅगचा रुग्ण येईपर्यंत कॅज्युअल्टी (अपघात विभाग) भरलेली असते. त्यामुळे हिरव्यांसाठी दाराबाहेर वेगळी जागा हवी. लाल रुग्ण दोन-दोन, तीन-तीन करून वेगवेगळ्या रुग्णालयांत वाटायला हवेत.

२१ एप्रिल २०२१ ला तर दुर्घटना रुग्णालयातच घडली. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला १५ लिटरने एका रुग्णाला पावणेआठ तास पुरतो. हाय-फ्लोवर, म्हणजे जास्त वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, ६० लिटरने दोन तासही नाही. त्यामुळे नुसते सिलिंडर साठवून भागत नाही. टाकीचा दाब पडताच पुरवठा आपोआप सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचावर) वळायला हवा, आणि ते वळते की नाही हे ठरावीक दिवशी तपासायला हवे.

२०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर, सुमारे ३० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी, एकाच दिवशी स्नान आहे. त्र्यंबकचा रस्ता तुंबला तर तिकडचा लाल रुग्ण नाशिकला पोहोचेलच असे धरता येणार नाही. श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत नळी टाकणे आणि रक्त चढवणे त्र्यंबकमध्येच जमले पाहिजे. शहरातल्या खासगी रुग्णालयांनी रिकाम्या आयसीयू खाटा आणि मोकळे व्हेंटिलेटर स्नानाच्या दिवशी दर तासाला एकाच नियंत्रण कक्षाला कळवावेत, आणि मोबाइल नेटवर्क कोलमडेल असे गृहीत धरून तो निरोप वायरलेसवर जावा.